मामाच्या कात्रणांत विरियामू का नाही?

फोंड्याची वाचक:
माझे मोठे मामा आफ्रिकेत, तेव्हा पोर्तुगीज वसाहत असलेल्या मोझांबिकमध्ये, लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आताच्या मापुतोला, एका दुकानात हिशेब लिहायचे. परवा त्यांची ट्रंक आवरताना १९७२-७३ची कात्रणं सापडली. बोटींची वेळापत्रकं, फुटबॉलचे निकाल, कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. १६ डिसेंबर १९७२ला त्याच देशात, तेते भागात, पोर्तुगीज कमांडोंनी विरियामू आणि शेजारच्या वाड्यांतली शेकडो माणसं मारली. त्याबद्दल एक ओळ नाही. आई म्हणते, "दादा कधीच काही बोलला नाही." त्यांना ठाऊक होतं की नव्हतं? चार दिवस डोक्यातून जात नाही.

डिचोलीकर:
ठाऊक नसणं अगदी शक्य आहे, ताई. तिकडे सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय काही छापलं जात नसे. आपल्या गोव्यातही १९६१पर्यंत, पोर्तुगीज राज्यात, तेच. माझे आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे; लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीला न्यावी लागे, असं ते सांगत.
विरियामू जगाला कळलं ते लंडनच्या 'टाइम्स'मुळे, १० जुलै १९७३ला. स्पॅनिश मिशनऱ्यांची माहिती एड्रियन हेस्टिंग्ज या पाद्रींनी तिथे पोचवली. पोर्तुगालचे पंतप्रधान कायतानो लंडनला पोचायच्या बेतात होते, म्हणून एवढी खळबळ उडाली. नाहीतर तेते भागातलंच मुकुंबुरा बघा. १९७१मधल्या तिथल्या हत्यांना वाचा फोडणारे दोन पाद्री तुरुंगात गेले. ते नाव आज कोण घेतं?

मडगावची शिक्षिका:
लिस्बनची, म्हणजे पोर्तुगीज सरकारची, बाजू घेणारे तेव्हा म्हणत होते, असं गावच नकाशात नाही! पण जीव वाचलेल्यांकडून मेलेल्यांची नावं लिहून घेतलेली होती, त्यांत लहान मुलंही. माझ्या मते ती यादी नसती, तर २०२२मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियो कॉस्तांना मापुतोत उभं राहून 'अक्षम्य' म्हणायची वेळच आली नसती. कॉस्ता आमच्या मडगावच्या घराण्यातले, म्हणून ते शब्द मला जास्तच लागले. पन्नास वर्षं लागली हो.

फोंड्याची वाचक:
दोघांचे आभार. मुकुंबुरा मीही पहिल्यांदाच ऐकलं. उद्या पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन जुलै १९७३चे 'गोमंतक' मागते. आमच्या घरी तेव्हा तोच यायचा. बातमी मिळाली तर आधी आईला वाचून दाखवीन.