रिले सुटला की आर्डुइनो उनो रिसेट होतोय, मदत हवी आहे

मंडळी, डाळिंबाच्या ठिबकसाठी आर्डुइनो उनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) छोटं ऑटोमेशन करतोय, मातीतला ओलावा बोर्डाच्या ए-झिरो पिनवर वाचायचा आणि ठरावीक आकड्याखाली गेला की ५ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ओढून पंपाचा काँटॅक्टर (मोटरसाठीचा मोठा रिले) चालू करायचा, एवढंच. घरात टेबलावर ६० वॅटचा बल्ब लावून दोन दिवस मस्त चाललं हो! पण विहिरीवर काँटॅक्टर जोडला की रिले सुटताना बोर्डच रिसेट होतो, सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाचे मेसेज दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) प्रोग्रामच्या सुरुवातीची, सेटअपमधली 'सुरू झालं' ओळ परत छापून येते. बोर्डाचा दोष नसावा, माझ्या वायरिंगचाच वाटतोय. रिले उनोच्याच ५ व्होल्टवर आहे, मोबाईलच्या चार्जरवरून. काँटॅक्टरच्या कॉइलला, २३० व्होल्ट एसी आहे, आरसी स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावू की आधी रिलेची सप्लाय वेगळी करू? डायोड तिथे चालत नाही एवढं माहितीये. कोणी केलंय का असं?