स्नोडन चढायचाय: ज्यांनी केलाय त्यांनी अनुभव लिहा

स्नोडन म्हणजे वेल्समधला डोंगर. जूनमध्ये सासू-सासरे पुण्याहून येतायत. बेत असा: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि बाबा चालत वर, आई रेल्वेने. सगळे शिखरावर भेटायचं, दशम्या खायच्या, एकत्र फोटो. बाबा पासष्टीचे आहेत, पण दर रविवारी सिंहगड करतात. त्यांचं म्हणणं, "कळसूबाई १६४६ मीटर, हा तुमचा स्नोडन १०८५. त्यात काय एवढं?" वाट कुठली घ्यावी, गाडी कुठे लावावी, आणि अजून काय विचारायला हवं तेही सांगा.

रेडिंगकर: बाबांना सांगा, उंची समुद्रसपाटीपासून मोजली तरी पाय सुरुवातीपासून मोजतात. लानबेरिस गाव अगदी खाली आहे. तिथून चढ साधारण ९७५ मीटर, जाऊन-येऊन साडेचौदा किलोमीटर. सिंहगडापेक्षा नक्कीच जास्त. सहा तास धरा, मुलगा बरोबर आहे तर सात. ही वाट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कंटाळवाणी. रुळांच्या कडेकडेने जाते, अर्ध्यावर चहाची टपरीवजा जागा आहे. आमच्या ग्रुपमधल्या काकांना हीच आवडली, कारण शेवटपर्यंत हात टेकावे लागले नाहीत. गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. काठ्या घ्या.

लीड्सवासी: कंटाळवाणी हे मान्य, म्हणून मी पेन-अ-पासहून जायला सांगेन. तिथे सुरुवातच ३५९ मीटरवर होते, चढ उरतो साधारण सव्वासातशे. दोन वाटा निघतात. मायनर्स ट्रॅक आधी तळ्यांच्या काठाने जवळपास सपाट जातो. लिन लिडाव तळ्यावरच्या दगडी बांधावरून चालायचं, पुढे तांब्याच्या जुन्या खाणीचे अवशेष दिसतात. मग ग्लासलिन तळ्यापासून एकदम उभा चढ, सुटे दगड. दुसरी पिग ट्रॅक, पहिल्यापासून खडकाळ, पण चढ विभागलेला. आम्ही पिगने वर आणि मायनर्सने खाली आलो. उलट केलं तर तो उभा तुकडा ताज्या पायांनी चढता येतो, असं मानणारेही आहेत.

पिगवर एक जागा नीट लक्षात ठेवा. पहिला मोठा चढ संपून खिंड येते, तिथे उजवीकडे क्रिब गोखची वाट फुटते. ती सुरीच्या पात्यासारखी धार आहे, दोन्ही बाजूंना दरी. पुढचे लोक जातायत म्हणून मागोमाग जाऊन अडकलेल्यांना सोडवायला बचाव पथकाला जावं लागतं. आमच्या पुढचं एक कुटुंब अगदी वळलंच होतं. माझ्या नवऱ्याने हाक मारून विचारलं तेव्हा त्यांनी नकाशा काढला.

पेन-अ-पासच्या पार्किंगला सीझनमध्ये आगाऊ बुकिंग लागतं. ते मिळालं नाही तर नान्ट पेरिस गावात गाडी लावून शेर्पा नावाच्या बसने वर. रस्त्याच्या कडेला लावू नका, उचलून नेतात.

कार्डिफची मावशी: शिखरावर भेटायचा बेत रद्द करा. चालणारे वेळेवर पोचत नाहीत आणि गाडी कोणासाठी थांबत नाही. माझी आई आणि मामी रेल्वेने गेल्या होत्या. वरच्या मुक्कामाला अर्धा तास मिळतो, मग त्याच गाडीने परत. आम्ही त्या वेळी अजून खूप खाली, आई वर आमची वाट बघत, फोनला रेंज येते-जाते. तिने कॉफीचा घोटसुद्धा धड घेतला नाही म्हणे. पुन्हा वारा जास्त असला तर गाडी शिखरापर्यंत जातच नाही, अलीकडच्या क्लोगविन स्टेशनवरून फिरते. १८९६पासून चालू असलेली रेल्वे आहे, प्रवास सुंदरच आहे, पण तो आईंचा वेगळा कार्यक्रम समजा. भेट लानबेरिसला तळ्याकाठी, दशम्या तिथेच.

बाबा दमले तर वरून गाडीने उतरवू, हेही गृहीत धरू नका. गाड्या भरलेल्या असतात, परतीचं तिकीट काढून आलेल्यांचा हक्क आधी.

बर्मिंगहॅमचा बंड्या: आम्ही बुल्ख ग्लासवरून परतलो. म्हणजे पिग वाट जिथे कड्यावर येऊन लानबेरिसच्या वाटेला मिळते, तिथला उभा दगड. शिखर तिथून फार नाही. पण वारा असा की धाकटीला धरून ठेवावं लागत होतं. निघतानाच ठरलं होतं: दुपारी एक वाजला किंवा दोघांपैकी एकही मूल "नको" म्हणालं, की मागे. वर गेल्यावर ठरवायला बसलं की कोणीच माघार घेत नाही, मराठी माणूस तर नाहीच. हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज असतो, तोच बघा. गावाचा अंदाज बघून काही कळत नाही.

न्यूकासलकर: हिवाळ्यात कोणी विचारत असेल तर: बर्फात लानबेरिसची "सोपी" वाट सोपी राहत नाही. रुळांच्या बाजूचा उतार गोठतो आणि खाली थेट कडा आहे. क्रॅम्पन (बुटांना लावायचे काटे) आणि आइस-अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) वापरता येत नसेल तर जाऊ नये.

लीड्सवासी: अजून एक. ९९९ या इथल्या आपत्कालीन नंबरवर "रजिस्टर" असा मेसेज आधीच पाठवून ठेवा, म्हणजे कॉल लागला नाही तरी मेसेजने मदत मागता येते. कॉल लागला तर आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. ते सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. आणि केळ्याची सालं परत आणा, तिथल्या थंडीत ती कुजत नाहीत लवकर.

धागाकर्ती: मावशी, आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "मी तळ्याकाठीच बरी". लानबेरिसची वाट, शनिवार-रविवार सोडून. बाबांचा एकच प्रश्न उरलाय: छत्री घेऊ का?

रेडिंगकर: नको. उडाली तर मागच्याच्या तोंडावर. रेनकोट घ्या, पँटसकट.