विषय: रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या कापायच्या का? शुक्रवारपर्यंत कळवा

मंडळी,
रविवारचं रेकॉर्डिंग तयार आहे. रशियन संगीतकार राखमानिनोव्हच्या दोन पियानोंच्या पहिल्या स्वीटमध्ये (म्हणजे अनेक भागांची रचना, ओपस 5) मध्येमध्ये टाळ्या पडल्यात. कापून सलग करू का? वाजवणाऱ्या मुलींना ते अर्जासोबत पाठवायचंय.
— ध्वनिव्यवस्था

कापा. लेर्मोंतोव्ह, बायरन, त्युत्चेव, खोम्याकोव्ह, प्रत्येक भागामागे एकेक कविता आहे, पण रचना एकच. मध्ये टाळ्या वाजवू नका हे निवेदनात सांगा, असं मी बैठकीत म्हटलं होतं.
— सांस्कृतिक समिती

निवेदनाला मला दोनच मिनिटं दिली होती. त्यात 1893 सालचा विशीतला राखमानिनोव्ह सांगू, की ज्यांना ही रचना अर्पण केली ते संगीतकार चायकोव्हस्की पहिल्या प्रयोगाच्या काही आठवडे आधीच गेले हे सांगू, की टाळ्यांचे नियम? आणि तिसरा भाग, 'अश्रू', संपल्यावर टाळ्या पडल्याच नाहीत! ते चार उतरते सूर परत परत येतात ना, ते राखमानिनोव्हने लहानपणी आजीबरोबर असताना ऐकलेल्या नोव्हगोरोदच्या सेंट सोफिया चर्चच्या घंटांचे. माझ्या शेजारच्या काकांनी चष्मा काढून हातात धरला होता, तो पुढचा भाग सुरू झाला तरी डोळ्यांवर गेला नाही. ती शांतता कृपया कापू नका.
— निवेदिका

घंटांचं निघालंच आहे म्हणून. मी वसईची. आमच्याकडे चर्चमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा ईस्टरच्या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीताला एकदम सुरू होतात. शेवटच्या, 'ईस्टर' नावाच्या भागात दोन्ही पियानो तसेच घणघणायला लागले आणि मी तोंड ओढणीत खुपसून रडले. संपल्यावर पहिली टाळी माझी. ती तरी ठेवा.
— तिसऱ्या रांगेतून

ताई, वसईची एक घंटा आमच्याकडे वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची. लहानपणी तिच्याखाली उभे राहायचो, नाद पायांपर्यंत यायचा. रविवारी लाकडी जमिनीतून तसंच जाणवलं.
— एक सभासद

कृपया टाळ्यांबद्दलच लिहा. शेवटच्या टाळ्या राहतीलच, प्रश्न मधल्यांचा आहे.
— सांस्कृतिक समिती

'अश्रू'नंतरची शांतता मोजली. 11 सेकंद, आणि त्यात एकही खोकला नाही. तिला हात लावत नाही. पहिल्या दोन भागांनंतरच्या टाळ्यांचं मुलींना विचारून ठरवतो, अर्ज त्यांचा आहे.
— ध्वनिव्यवस्था