उत्तर: ख्रिसमसच्या रेकॉर्ड्स म्हणजे निव्वळ धंदा?

वर कोणीतरी म्हटलंय की मोठे टेनर (म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) ख्रिसमसची गाणी फक्त पैशांसाठी गातात. असेलही बऱ्याच जणांचं, पण मग फ्रिट्झ वुंडरलिश ऐकाच एकदा. ह्या जर्मन माणसाने १९६५ मध्ये कंडक्टर कार्ल रिश्टरबरोबर संगीतकार बाखचा ख्रिसमस ऑराटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना) रेकॉर्ड केला, त्यात मेंढपाळांना घाई करायला सांगणारी एक आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं आहे, बासरीबरोबर, इतक्या वेगवान ताना की भलेभले धापा टाकतात आणि हा मात्र आरामात गातो. त्याने गायलेली शुमानची 'डिश्टरलीब' ही गीतमाला पण त्याच सुमाराची, पियानोवर ह्युबर्ट गीझेन. मला तीच जास्त आवडते, काही जाणकारांना त्यात शब्दांचा विचार कमी वाटतो पण आवाजच असा आहे की मी तरी तक्रार करणार नाही. शिवाय हाच माणूस 'ग्रॅनाडा'सारखं हलकंफुलकं गाणंही जीव तोडून गायचा, म्हणजे हे भारी आणि ते किरकोळ असं काही त्याच्या डोक्यात नसावं. सप्टेंबर १९६६ मध्ये जिन्यावरून पडून गेला बिचारा, छत्तिसावा वाढदिवस थोड्याच दिवसांवर होता. ऑराटोरिओ सगळा एका बैठकीत ऐकू नका, सहा भाग आहेत, आणि मुळात ते वेगवेगळ्या दिवशी गायलाच लिहिलेत. ती आरिया दुसऱ्या भागात आहे.