घुबडांच्या वर्कशॉपला नाव नोंदवण्याआधी काय विचारून घेऊ?

रानजाई
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतेय, पण घुबडाचा एकही धड फोटो नाही माझ्याकडे, जे आहेत ते सगळे अंधार पडता पडता काढलेले आणि त्यात नुसता नॉइज, दाणे दाणे दिसतात. आता एक तीन दिवसांचं वर्कशॉप दिसलंय, फक्त घुबडांचं, आणि जाहिरातीत लिहिलंय की समोरून उडत येणाऱ्या घुबडाचा फोटो मिळणारच, खात्री. ह्या 'खात्री' शब्दापाशी मी अडकलेय. जंगलातल्या पक्ष्याची खात्री कोणी कशी देणार? कोणी गेलं असेल असल्या वर्कशॉपला तर प्लीज सांगा, पैसे भरायच्या आधी काय काय विचारू? आणि माझी लेन्स १००-४०० मिमी आहे, ४०० ला एफ ६.३, म्हणजे उजेड जरा कमीच घेते, ती पुरेल का?

पाणवठा
बरोबर जागी अडकलात. समोरून उडत येणाऱ्या घुबडाची खात्री दोनच प्रकारे देता येते. एकतर पक्षी पाळलेला असतो, त्याला सांभाळणारा माणूस हातमोजा घालून उभा राहतो आणि पक्षी ह्या खांबावरून त्या हातावर येतो. नाहीतर मग मोकळ्या घुबडासमोर जिवंत उंदीर सोडतात.

पहिला प्रकार मी केलाय आणि त्यातून खूप शिकलो, एकच उड्डाण दहा वेळा बघायला मिळतं त्यामुळे हात बसतो. फक्त आयोजकांनी ते आधी सांगायला हवं, आणि फोटोखाली आपणही 'पाळलेला पक्षी' असं लिहायला हवं. पायात चामड्याच्या पट्ट्या असतात त्या एडिटिंगमध्ये पुसून टाकून रानातला म्हणून खपवतात लोक, ते मला अजिबात पटत नाही.

दुसऱ्याला मात्र जाऊच नका. माणूस दिसला की खायला मिळतं हे घुबड पटकन शिकतं, मग ते माणसांच्या आणि रस्त्यांच्या जवळ राहायला लागतं, आणि शिकार शोधताना बऱ्याच जाती जमिनीलगत उडतात त्यामुळे गाडीची धडक बसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेतही जिवंत आमिष चालत नाही.

आयोजकांचे जुने फोटो मागून बघा. फोटोमागून फोटो असा की घुबड पंजे पुढे काढून कॅमेऱ्याकडेच येतंय आणि नजर लेन्सच्या जरा खाली, जमिनीवर, तर तिथे काय ठेवलं होतं हे थेट विचारा.

मंदप्रकाश
लेन्सचं मी सांगतो. ४०० पुरते, एफ ६.३ ची थोडी अडचण होईल पण त्यासाठी नवी लेन्स घ्यायची काही गरज नाही. बसलेलं घुबड दगडासारखं स्थिर असतं, बीनबॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर, लेन्स टेकवली की शटर १/६० सेकंदाला ठेवूनही शार्प फोटो येतो, दहा काढा त्यातले दोन चांगले निघतात, आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, वाढवला की नॉइज वाढतो) उगाच चढवू नका. उडताना मात्र १/१६०० च्या खाली जाऊ नका, तिथे आयएसओ ६४०० झाला तरी होऊ दे, नॉइज नंतर कमी करता येतो पण हललेला डोळा परत आणता येत नाही. गव्हाणी घुबड असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा गडद, ठेवा, मागे काळोख असला की कॅमेरा फसतो आणि छातीची पांढरी पिसं पार जळून जातात, एक रेघ दिसत नाही त्यात. सायलेंट शटर बसलेल्या पक्ष्याला वापराच, पण उडताना काही कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात, तेव्हा घरी आधी ट्राय करून जा.

आणि वारा बघत जा!! पक्षी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उडतो, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असला तर तो तुमच्याकडे येण्याची शक्यता जास्त. पहिल्या दिवशी ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ.

सांजवेळ
मी माझा अनुभव सांगते, अजून विसरले नाहीये. त्या वर्कशॉपमध्ये आम्ही बाराजण होतो आणि एका ढोलीसमोर सगळ्यांना उभं केलं, स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला, दोघांच्या हातात मोठे टॉर्च. मादी ढोलीच्या तोंडाशी आली, आपल्या हद्दीत दुसरं घुबड आलंय असं वाटून ती अस्वस्थ झाली होती, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत नर भक्ष्य घेऊन दोनदा आला पण ढोलीपर्यंत न येताच मागे फिरला. आत पिल्लं ओरडत होती. मी तेव्हा काही बोलले नाही, कॅमेरा बॅगेत टाकून मागे जाऊन उभी राहिले, पण बोलायला हवं होतं. म्हणून माझे प्रश्न हे, घरट्यावर नेणार का, आवाज लावणार का, टॉर्च आणि फ्लॅश किती वापरणार, गटात माणसं किती. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोन केला. आधी म्हणाले पक्षी तिथे रोज येतातच, मग दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले 'थोडी सोय करतो आम्ही'. मी सरळ 'नको' म्हणून सांगितलं. दुसरं एक सापडलंय, पाचजणांचं, लपणात, म्हणजे पक्ष्याला दिसणार नाही अशा आडोशात, बसायचं, घरट्याजवळ नाही, आणि त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की तीन संध्याकाळी बसून काहीच मिळालं नाही असंही होतं. तिथे नाव घातलं! आता एकच सांगा, घुबड तासभर हलत नाही म्हणतात, मग ते उडणार हे आधी कळतं का?

पाणवठा
कळतं, पण डोळा व्ह्यूफाइंडरला लावून ठेवलात तर नाही, साध्या डोळ्यांनी बघत बसा. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अंतर जोखायला ते अख्खं डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवतं. ते सुरू झालं की कॅमेरा उचला. मग अंग पुढे झुकवतं, बरेचदा शिटतं, आणि निघतं.

अंग चोरून एकदम बारीक, उंच झालं आणि डोळे ताणून तुमच्याकडे बघायला लागलं तर मात्र ते घाबरलंय, तिथून हळूच मागे या.

आणखी एक, मला हे बघायला फार आवडतं. निघायच्या आधी कधी कधी ते डोळे अर्धे मिटतं, मान लांब करतं, चोच उघडतं, आता ह्याला काही होतंय की काय असं वाटतं. मग चोचीतून एक काळपट ओली गोळी बाहेर पडते, आधीच्या शिकारीची न पचलेली हाडं आणि केस. ही पडल्याशिवाय सहसा पुढचं खाणं होत नाही, तेव्हा गोळी पडलेली दिसली की शटर १/१६०० ला नेऊन ठेवा.

रानजाई
लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात जातेय, आल्यावर इथेच सांगते, फोटो मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी.