तुमच्या कढीपत्त्यावर कोण राहतं? (अळ्यांचे अनुभव सांगा)

ओसरी
आज सकाळी पोह्यांना कढीपत्ता तोडायला गेले, तर पानावर चिमणीची शीट. पुसायला गेले आणि ती सरकली! हात तिथेच थांबला. शनिवार पेठेतल्या वाड्यात आमचं लिंबाचं झाड होतं. अळ्या आल्या की आई चिमट्याने एकेक उचलून रॉकेलच्या डब्यात टाकायची, डबा धरायचं काम माझं. त्याच अंगणात काळी-पिवळी फुलपाखरं आली की आम्ही दोघी हातातलं काम सोडून बघत बसायचो. ही तीच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुमच्याकडे काय काय येतं? तुम्ही काय करता?

धायरीकर
सात होत्या. सगळा कढीपत्ता खाल्ला, काड्या उरल्या. पावसात पुन्हा फुटला, आधीपेक्षा दाट. घाबरू नका.

रुईचं_पान
शीट दिसतेय म्हणजे अजून लहान आहे ताई. शेवटची कात टाकली की हिरवीगार होईल, अंगावर तपकिरी तिरके पट्टे. हलकेच बोट लावलं तर मानेतून नारिंगी शिंगं काढते, उग्र वास येतो. घाबरलेली असते, एकदाच बघा आणि सोडून द्या. लिंबू, बेल, कढीपत्ता, सगळ्यांवर हीच मंडळी. नीलवंतही लिंबावर अंडी घालतं, २०१५ साली राज्य फुलपाखरू झालं ते. फवारणीच्या आधी एवढं तरी आठवा.

माईची_गच्ची
वाढ पूर्ण झाली की झाड सोडून चालायला लागते, हे मला माहीतच नव्हतं. दोन दिवस शोधली, रडायचीच बाकी होते. सापडली कपड्यांच्या दोरीवर! चिमट्याला शेपटी चिकटवलेली, कमरेभोवती एक बारीकसा धागा, बाकी अंग मागे झुकलेलं. नऊ दिवस त्या दोरीवर कपडे घातले नाहीत. ह्यांचे शर्ट दारामागे वाळले.

धायरीकर
काकांना सलाम 🙏

सहकारनगर_२
शेवग्यावर केसाळ काळपट सुरवंटांचा घोळका आहे, तेही फुलपाखरूच का?

रुईचं_पान
नाही, ते पतंगाचे. हात लावू नका, मुलांना लांब ठेवा. माझ्या भाच्याच्या हातावर गांध्या उठल्या होत्या. आधी चिकटपट्टीने केस काढले, मग साबणाने धुतलं, तरी दोन दिवस खाजत होतं.

चिंटूचीआई
सोसायटीच्या कण्हेरीवर पानाखाली चांदीचा थेंब लटकत होता, शप्पथ. सासूबाईंना वाटलं कुणाचं कानातलं अडकलंय. जवळ गेले तर त्यात माझं तोंड दिसलं! हबशी फुलपाखराचा कोष. दुसऱ्या दिवशी माळीदादांनी औषध मारलं. त्यांची चूक नाही, त्यांना तसंच सांगितलं होतं. आता कण्हेरीला फवारा नको म्हणून अर्ज दिलाय. अजून वाईट वाटतं.

ओसरी
अगं... 😔

माईची_गच्ची
बरणीत ठेवणाऱ्यांनो, ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं द्या. लेकीने कढीपत्त्यावरच्या अळीला जास्वंद घातली, तिने तोंड लावलं नाही. पाण्याची वाटी ठेवू नका, बुडते. विष्ठा रोज काढा. आणि बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, त्याला लटकून वाळू द्या. लेकीने मदत म्हणून एकाचा पंख सरळ केला होता, ते उडालंच नाही. आठवडाभर जेवताना तोच विषय.

पावशा
माझ्या कोषाला भोक पडलं आणि आतून माशी निघाली.

रुईचं_पान
अळी असतानाच माशीने अंडी घातलेली असतात. तुमचं काही चुकलं नाही हो.

सहकारनगर_२
विषयांतर, पण एवढा कढीपत्ता वाढायला घालता काय? माझा गुडघ्याएवढाच.

धायरीकर
आंबट ताक. पाणी घालून.

ओसरी
आईला फोटो पाठवला. डब्याचं दोघीही बोललो नाही. म्हणाली, "कुंडी सावलीत ओढ गं, ऊन लागेल त्याला." पोहे आज कढीपत्त्याविनाच.

सहकारनगर_२
ताक एक वाटी तर पाणी किती?

धायरीकर
चार. पंधरा दिवसांतून एकदा. अळी असेल तर मुळाशीच घाला, पानांवर नको.