अनुभव धागा : समुद्र राखीव झाला, तुमच्या गरीचं काय झालं?

गळाचा नाद असलेल्या मंडळींसाठी हा धागा. समुद्राचा तुकडा राखीव झाला की आपली ठरलेली जागा जाते, हे सगळ्यांनाच दिसतं. त्याबदल्यात काही मिळतं का? हद्दीजवळ खरंच मोठा मासा लागतो की नुसती समजूत? हाताला काय जाणवलं ते लिहा, फजिती असेल तर आधी ती लिहा. सुरुवात मी करतो.

ऑकलंडहून

इथून सव्वा तासावर ली गावाजवळ गोट आयलंड आहे. 1975 साली राखीव झालेला न्यूझीलंडचा हा पहिला सागरी तुकडा. 2025 पर्यंत हद्द किनाऱ्यापासून 800 मीटरची होती. आत गळ नाही, जाळं नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. पहिल्यांदा गेलो तो पोहायला. कमरेएवढ्या पाण्यात कोपराएवढाले स्नॅपर मासे पायांभोवती फिरत होते, गावातल्या कोंबड्यांसारखे निवांत. (नाव स्नॅपर असलं तरी आपल्या तांबोशीचा हा सख्खा नव्हे.) जीव नुसता तळमळला.

पुढच्या उन्हाळ्यात मित्राच्या बोटीतून हद्दीबाहेर गेलो. जीपीएसवर रेष, आणि रेषेला खेटून आमच्याआधीच चार बोटी. पिल्चर्ड माशाचे तुकडे लावून बसलो. दोन तास नुसती पोरं लागत होती, 27, 28 सेंटिमीटरची. तीसच्या खालचा सोडावा लागतो, म्हणून ओल्या हाताने गरी काढायची आणि परत पाण्यात. मग एकदा दोरी जरा ढिली पडली. मला वाटलं आमिष गेलं. गुंडाळायला घेतली तर खालून मान झटकल्यासारखे दोन हिसके, आणि रीळ ओरडायला लागलं. वर आला तो 62 सेंटिमीटरचा. मित्र म्हणाला, हा आतलाच. असेल, माशाच्या कपाळावर पत्ता लिहिलेला नव्हता.

पत्ता शास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूने शोधला. त्यांनी जनुकं तपासली, तेव्हा आसपासच्या सुमारे 400 चौ. किमी पाण्यातल्या स्नॅपरच्या नव्या पिल्लांपैकी साधारण 10 टक्के या राखीव पाण्यातल्या आईबापांची निघाली. राखीव भाग तेव्हा जेमतेम साडेपाच चौ. किमीचा! तेव्हापासून मला वाटतं, रेषेवर रांग लावणारे आम्ही येडे आहोत. नफा झालाच असेल तर तो दूरच्या एखाद्या खाडीत झाला असणार, आणि तिथे गळ टाकणाऱ्याला त्याचं श्रेय कोणाला द्यायचं हे कळणारही नाही.

मालवण, सध्या पुणे

आजोळ मालवणचं. दांडी किनाऱ्याच्या बाजूला खडकावर बसून मामाबरोबर गरवायचो. तंगूस (नायलॉनची दोरी), शिशाचा तुकडा आणि आमिषाला सुंगटं (कोलंबी). काठी नाही, बोटावरच दोरी. शेंगटी (काटेवाला मासा) लागली की मामाच सोडवायचा, काटा लागेल म्हणून.

माझा जन्म 1985 चा आणि मालवण सागरी अभयारण्य 1987 चं. क्षेत्र सुमारे 29 चौ. किमी, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा तीनेक चौ. किमीचा गाभा. म्हणजे आमचं सगळं बालपणीचं गरवणं अभयारण्यातच किंवा त्याच्या उंबऱ्यावर झालं. मला हे कळलं पुण्यात, नकाशा बघताना. मामाला फोन केला तर म्हणाला, "अभयारण्य? माका वाटला ता वाघांचा असता."

गेल्या वर्षी एका कार्यालयात विचारलं, हद्द नेमकी कुठून धरायची? तिथल्या साहेबांनी खिडकीतून पेन समुद्राकडे केलं आणि हवेत एक रेघ ओढली. झालं. मासा वाढला का विचाराल, तर ज्याला पाणी कधी बंद वाटलंच नाही त्याने काय सांगावं? मामाला कळते ती बंदी एकच, पावसाळ्यातली, 1 जून ते 31 जुलै.

कॅलिफोर्निया, बे एरिया

ही फजिती आईची. ती अलिबागकडची. ओहोटीला मॉस बीचवर नेलं. खडकांवर शिंपल्यांचे झुबके बघून तिने पर्समधून चमचा काढला (तो पर्समध्ये का होता ते विचारू नका). चार-पाच काढून झाले आणि एक आजोबा स्वयंसेवक हसत हसत आले. तिथे रिकामा शंखसुद्धा नेता येत नाही. आईने शिंपले होते तिथे ठेवले आणि मला म्हणाली, "एवढे आहेत, कुजून जातील की."

मी गळवाला. राज्याच्या किनाऱ्यावर असे 124 तुकडे आहेत, राज्याच्या ताब्यातल्या समुद्राचा सुमारे 16 टक्के भाग. प्रत्येकाचे नियम वेगळे. एका ठिकाणी खेकडा चालतो पण खडकातला मासा नाही, दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. रविवारी पहाटे थंडीत मोबाईलवर नकाशे वाचून डोकं पिकतं. शेवटी सार्वजनिक धक्का गाठतो, तिथे परवानासुद्धा लागत नाही.

टाऊन्सव्हिल, ऑस्ट्रेलिया

आमच्याकडे रंग आहेत. हिरव्या पट्ट्यात गळ बंद, पिवळ्यात माणशी एक दोरी, एक गरी. ग्रेट बॅरिअर रीफवर 2004 मध्ये हिरवा भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो 33 टक्के केला, तेव्हाचे जुने बोटवाले अजून शिव्या घालतात. मी नंतर आलो, माझं काहीच गेलं नाही, त्यामुळे मला शहाणपणा सोपा आहे.

एक गंमत. कोरल ट्राऊट वगैरेंच्या प्रजननासाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या अमावास्येला पाच-पाच दिवस रीफवरच्या माशांना सुट्टी असते. म्हणजे आमची दिवाळी दरवर्षी शाकाहारी!

ऑकलंडहून, पुन्हा

मॉस बीचच्या आईंना सांगा, कुजत नाहीत, कोणीतरी खातं. ली गावाजवळचे क्रेफिश (शेवंड) मात्र राखीव भागात असूनही कमी झाले. ते चरायला रेषेबाहेर जातात आणि बाहेर पिंजरे मांडलेले. स्नॅपरबद्दल मी वर इतकं लिहिलं, पण क्रेफिशला एवढासा तुकडा पुरला नाही.

मालवण, सध्या पुणे

मामाला हे सगळं वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "62 सेंटिमीटर? आणि रांधल्यान कसो ता लिवक नाय?"